उन्हाळ्यातील आरोग्यरक्षण आणि गावचे औषध दुकान

होळी झाली की महाराष्ट्रात उन्हाची धग जाणवू लागते आणि चैत्र-वैशाखात विदर्भ, मराठवाडा व खानदेशच्या अनेक भागांत पारा ४० अंशांच्या वर जातो. चंद्रपूर, अकोला, जळगाव यांसारख्या ठिकाणी तो ४५ अंशांपर्यंत चढल्याच्या नोंदी अनेकवार झाल्या आहेत. याच दिवसांत शेतांची नांगरट चालू असते, वीटभट्ट्या पेटलेल्या असतात, पूर्व विदर्भातील जंगलांत तेंदूपाने तोडण्याचा हंगाम असतो आणि लग्नसराई व जत्राही याच काळात येतात. ऊन वाढले म्हणून गावाचे व्यवहार थांबत नाहीत.

अशा वेळी उन्हाने कासावीस झालेला मनुष्य प्रथम कोठे जातो? प्राथमिक आरोग्य केंद्र बहुधा काही अंतरावर असते आणि तेथे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. एस. टी. थांब्याजवळचे औषधाचे दुकान, म्हणजे बोलीभाषेतले ‘मेडिकल’, मात्र वाटेवरच असते. तेथे नोंदणी नाही, रांग नाही. ‘चक्कर येते, काहीतरी द्या’ एवढे म्हटले की काम होते. त्यामुळे उन्हाळी आजारात पहिला सल्ला पुष्कळदा याच दुकानातून मिळतो. तो योग्य असेल तर माणूस संध्याकाळपर्यंत सावरतो. चुकीचा असेल तर उपचाराची मोलाची घटका निघून जाते. औषध दुकानाकडे केवळ विक्रीचे ठिकाण म्हणून न पाहता गावाच्या आरोग्यव्यवस्थेचा एक दुवा म्हणून पाहावयास हवे, ते यासाठी.

कायद्यालाही हेच अभिप्रेत आहे. फार्मसी कायदा १९४८ साली झाला. त्याखाली २०१५ मध्ये जे विनियम लागू करण्यात आले, त्यांनुसार रुग्णाला औषधाविषयी समुपदेशन करणे हा नोंदणीकृत फार्मासिस्टच्या कामाचा भाग ठरला आहे.

शरीराची शीतकरण व्यवस्था

निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. बाहेर ऊन वाढले की त्वचेकडे जास्त रक्त वाहू लागते आणि घाम सुटतो. हा घाम वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाले तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा वाढले म्हणजे शरीर थंड ठेवण्याचा हाच एक मार्ग उरतो.

कोकण किनाऱ्यावर पारा विदर्भाइतका चढत नाही, परंतु दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणून तेथील ३७-३८ अंशही घातक ठरू शकतात. भारतीय हवामानशास्त्र विभागाने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशाला किमान ४० अंश आणि किनारपट्टीला किमान ३७ अंश असे निरनिराळे निकष ठेवले आहेत. त्याबरोबर तापमान नेहमीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक वाढलेले असावे लागते. नवी मुंबईतील खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावर झालेल्या मोठ्या मेळाव्यात उन्हाच्या त्रासाने १४ जणांचे प्राण गेले. किनाऱ्यालगतच्या उन्हाला कमी लेखू नये, हा त्या घटनेचा धडा आहे.

उन्हाची सवय होण्यास शरीराला साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. त्यामुळे हंगामाच्या आरंभीची लाट आणि उन्हात नव्याने कामाला लागलेला मजूर या दोन्ही बाबतींत धोका अधिक असतो. वृद्ध, लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्ती यांनाही विशेष जपावे लागते.

आधी गारवा, मग प्रवास

उन्हाने येणारा थकवा आणि उष्माघात या दोन अवस्थांतील फरक दुकानदाराला, शिक्षकाला आणि ग्रामपंचायत सदस्याला ओळखता आला पाहिजे. थकव्यात भरपूर घाम, डोकेदुखी, मळमळ, पायांत गोळे आणि अशक्तपणा ही लक्षणे दिसतात, पण मनुष्य शुद्धीवर असतो. त्याला सावलीत निजवून, कपडे सैल करून, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले की तो बहुधा सावरतो.

उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. रोगी असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, त्याला झटके येतात किंवा तो बेशुद्ध पडतो. अंग कोरडे असेलच असे नाही. श्रम करणाऱ्या माणसाला उष्माघात झाला तर तो घामाने भिजलेलाही असू शकतो. ‘घाम येतो आहे, म्हणजे उष्माघात नव्हे’ हा समज म्हणूनच सोडून द्यावा. वागण्या-बोलण्यातील बदल ही खरी धोक्याची खूण होय.

अशा रोग्याला दुकानात तापाची गोळी देणे व्यर्थ आहे. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदूच शरीराचे तापमान चढते ठेवतो आणि पॅरासिटामॉल ती क्रिया रोखते. उष्माघातात उष्णता बाहेरून व श्रमातून साचलेली असते, तिच्यावर ही गोळी चालत नाही. रोग्याला सावलीत न्यावे, जादा कपडे काढावेत, अंगावर पाणी ओतून जोराने वारा घालावा आणि मान, काखा व जांघा येथे बर्फ किंवा गार ओली फडकी ठेवावीत. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाला कुशीवर निजवावे. त्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. वाहन येईपर्यंतचा वेळ अंग गार करण्यात गेला पाहिजे, कारण तापलेल्या अवस्थेतील प्रत्येक मिनिटाने मेंदू, यकृत व मूत्रपिंड यांची हानी वाढत जाते.

जलसंजीवनीची कहाणी

उन्हाळ्यात दुकानातून जाणारी सर्वांत उपयुक्त वस्तू म्हणजे जलसंजीवनीची पुडी. तिचे सामर्थ्य १९७१ साली जगापुढे आले. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेवरील बनगावच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या मिश्रणाचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांकरवी ते पाजण्याची व्यवस्था केली. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. २०२३ मध्ये डॉ. महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. प्राण वाचविणारा उपचार आईच्या किंवा भावाच्या हातूनही होऊ शकतो, हे त्या छावणीत सिद्ध झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून स्वीकारलेल्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्याच्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. या प्रमाणातच तिचे बळ आहे. ग्लुकोजच्या साहाय्याने मीठ आतड्यातून शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणी शरीरात जाते. साखर जास्त झाली तर उलट पाणीच आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात. म्हणून एक लिटरची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यातच पूर्ण मिसळावी आणि तयार पाणी २४ तासांत संपवावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून काम भागते. बालकाच्या जुलाबात याच्या जोडीला डॉक्टरी सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावयाचे असते. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांनी मात्र विचारल्यावाचून असे पाणी रोजचे पेय म्हणून घेऊ नये.

येथे ग्राहकाची एक फसगत टाळणे दुकानदाराच्या हाती आहे. फळांच्या स्वादाची, भरपूर साखरेची काही पेये ‘ओआरएस’ या अक्षरांचा आधार घेऊन विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मान्य सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. जुलाबाने गळून गेलेल्या मुलासाठी असे गोड पेय मागणाऱ्या आईला पुडीतील जलसंजीवनी देणे आणि कारण समजावून सांगणे, हा दोन मिनिटांचा सल्ला मोलाचा ठरतो. पन्हे, ताक, कोकम सरबत ही आपली पेये उन्हाळ्यात जरूर घ्यावीत, तथापि जुलाबात जलसंजीवनीची जागा ती घेऊ शकत नाहीत. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, या समजुतीवर विसंबून तर कोणी दुपारी बाहेर पडू नये.

चालू औषधे आणि औषधांची साठवण

काही औषधे उन्हाशी झुंजण्याची शरीराची शक्ती कमी करतात. लघवी वाढविणारी औषधे शरीरातील पाणी घटवितात, सर्दीवरील व मानसिक विकारांवरील काही औषधे घाम कमी करतात, तर रक्तदाबावरील काही गोळ्या हृदयाची गती वाढू देत नाहीत. याचा अर्थ ती बंद करावीत असा नव्हे. डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणतेही औषध सोडू नये. अशा ग्राहकांना दर महिन्याची औषधे देताना ‘दुपारी उन्हात जाऊ नका, चक्कर आली तर आरोग्य केंद्रात दाखवा’ एवढे सांगितले तरी पुष्कळ साधते. ही माहिती गावात फार्मासिस्टइतकी दुसऱ्या कोणाजवळ नसते.

ऊन औषधांनाही लागते. पुष्कळ औषधांच्या वेष्टनावर ती २५ किंवा ३० अंशांखाली ठेवावीत अशी सूचना छापलेली असते. पत्र्याच्या छपराखालील दुकानात वा घरात तापमान याहून बरेच वर जाते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. ज्या घरी शीतकपाट नाही, तेथे वापरातील इन्सुलिनची बाटली ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशी ठेवणे उपयोगी पडते. औषधे मोटारसायकलच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवू नयेत, हे ग्राहकाला सांगणे हेही दुकानदाराचेच काम.

दुकानाच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. निदान करणे, सलाईन लावणे अथवा चिठ्ठीवाचून प्रतिजैविके देणे हे दुकानाचे काम नव्हे. साध्या जुलाबात प्रतिजैविकांची गरजही बहुधा नसते.

गावाचा सहभाग

एकट्या दुकानदाराच्या प्रयत्नाने हे सारे साधणार नाही. मे २०१० मधील लाटेत अहमदाबाद शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळून आले. त्यातून धडा घेऊन तेथे २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार झाला आणि पुढे नागपूरसह इतर शहरांनीही तो मार्ग धरला. पूर्वसूचना, पिण्याचे पाणी, कामाच्या वेळांत बदल आणि आरोग्यसेवकांची तयारी ही त्याची अंगे होत. यांपैकी एकही गोष्ट खेड्याला अशक्य नाही.

वेळापत्रक मात्र आधी आखावे लागते. १ मेच्या ग्रामसभेत उन्हाळ्याचा विषय घेणे म्हणजे निम्मा उन्हाळा उलटल्यावर जागे होणे. तो २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घ्यावा. पाणपोईच्या जागा, त्यांतील पाण्याचे शुद्धीकरण, उघड्यावरील कामांच्या वेळा आणि जत्रेतील सावलीची सोय हे तेथेच ठरवावे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने औषध दुकानदाराला बैठकीस बोलवावे. आशा कार्यकर्तीजवळील जलसंजीवनीचा साठा आणि दुकानातील साठा मार्चपूर्वीच पाहून घ्यावा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी आशांनी करावी आणि लाटेच्या दिवसांत त्यांच्या घरी रोज कोणी जावे, हे ठरवून टाकावे.

शाळेत विज्ञानाच्या तासाला मुलांकडून मोजून मीठ-साखरेचे पाणी करून घेतले, तर ती विद्या त्याच दिवशी घरोघर पोहोचते. हवामान खात्याचा इशारा दुकानाच्या फळ्यावर आणि पंचायतीच्या ध्वनिवर्धकावर एकाच सकाळी यावा. दुकानदाराने रोज किती पुड्या गेल्या याची साधी नोंद ठेवली, तर एकाच वस्तीतून मागणी अचानक वाढल्याचे ध्यानात येऊ शकते. पाणी दूषित झाल्याची ती पहिली खूण असू शकते. ती प्राथमिक आरोग्य केंद्राला त्वरित कळवावी.

ज्या गावात दुकानच नाही, तेथेही मार्ग आहे. स्वस्त जेनेरिक औषधांची जनऔषधी योजना २००८ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये प्राथमिक कृषी पतसंस्थांना जनऔषधी केंद्रे चालविण्याची वाट खुली झाली. आपल्याकडील विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांना नोंदणीकृत फार्मासिस्टची सोय करून असे केंद्र उभारता येईल. बियाणे व खत देणारी सभासदांची संस्थाच मग त्यांच्या आरोग्यालाही आधार देऊ शकेल.

वाटसरूला पाणी देणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले आहे. पाणपोईच्या रांजणाशेजारी जलसंजीवनीची पुडी, उष्माघाताची लक्षणे सांगणारा फळा आणि योग्य सल्ला देणारा माणूस असला, तर तेच पुण्यकर्म आजच्या ज्ञानाला धरून होईल. वैशाखातले ऊन कोणाला टाळता येत नाही. त्या उन्हात कोसळलेल्या माणसाला सावली, पाणी आणि उपचार वेळेवर मिळतील, एवढी तयारी मात्र प्रत्येक गाव आपल्या बळावर करू शकते.