शिबुमी : निर्मितीला सोडून न गेलेला प्रोग्रॅमर

कच्चं पर्सिमन खाल्लं की जीभ आखडते. त्या चवीला जपानीत ‘शिबुई’ म्हणतात. आपला ‘तुरट’ हा शब्द तिला नेमका बसतो. त्याच शब्दापासून झालेलं ‘शिबुमी’ हे नाम जपानी सौंदर्यविचारात मोठ्या मानाचं आहे. पहिल्या नजरेत डोळ्यांत न भरणारं, हळूहळू उमगत जाणारं सौंदर्य म्हणजे शिबुमी. ‘डिजिमोन टेमर्स’ या जपानी ॲनिमे मालिकेतल्या मिझुनो गोरो या प्रोग्रॅमरचं टोपणनाव हेच आहे. एक्कावन्न भागांच्या या मालिकेत तो फार थोडा वेळ दिसतो, पण मला तिचा कणा त्याच्यातच सापडतो.

डिजिमोनचा जन्म खेळण्यातून झाला. १९९६ च्या अखेरीस बांदाई कंपनीनं तामागोची आणलं. अंड्याएवढ्या यंत्रातल्या त्या पिल्लाला वेळेवर भरवावं लागे, त्याची घाण काढावी लागे, दुर्लक्ष झालं तर ते मरे. १९९७ मध्ये त्याच कल्पनेवर लढणारे राक्षस आले, ते डिजिमोन. मग तोएई ॲनिमेशननं मालिका काढल्या. तिसरी ‘टेमर्स’ १ एप्रिल २००१ ते ३१ मार्च २००२ या काळात फुजी टीव्हीवर दाखवली गेली. मुख्य लेखक होते चिआकी कोनाका. त्यांनी आधीच्या दोन मालिकांची गोष्ट पुढे नेली नाही. त्यांच्या गोष्टीतल्या शिंजुकूत डिजिमोन म्हणजे पत्त्यांचा खेळ आहे, टीव्हीवरचा कार्यक्रम आहे. ताकातो नावाचा बेकरीवाल्याचा मुलगा वहीत एक डिजिमोन रेखाटतो आणि तो खरोखर समोर येऊन उभा राहतो.

मग हे प्राणी मुळात आले कुठून? कोनाकांनी याचं उत्तर माणसांपाशी नेऊन ठेवलं. १९८० च्या दशकात पालो अल्टोतल्या विद्यापीठात काही तरुण एकत्र आले आणि स्वतःहून वाढत जाणारे छोटे डिजिटल जीव घडवू लागले. त्या चमूचं नाव ‘वाइल्ड बंच’. एकमेकांना ते टोपणनावांनीच हाक मारत : डॉल्फिन, ताओ, डेझी, शिबुमी. पुढे पैसा आटला, प्रकल्प गुंडाळला गेला आणि जो तो आपापल्या वाटेनं गेला. ताओ म्हणजे जानयू ली तोक्योत नोकरी-संसारात रमला. त्याचाच मुलगा जेनर्या वीसेक वर्षांनी टेरियरमोन नावाच्या डिजिमोनला घेऊन घरी येतो, आणि विसरलेलं काम बापाच्या दारात उभं राहतं.

ही कल्पना हवेतली नव्हती. ‘कृत्रिम जीवन’ या विषयावरची पहिली मोठी कार्यशाळा ख्रिस्तोफर लँग्टन यांनी १९८७ मध्ये लॉस अलामॉसला भरवली. कोस्टा रिकाच्या जंगलात वेलींचा अभ्यास केलेले टॉम रे १९९० च्या सुमारास संगणकाकडे वळले आणि त्यांनी ‘टिएरा’ ही संगणकातली दुनिया घडवली. स्वतःची नक्कल करणारा ८० सूचनांचा एक प्रोग्रॅम त्यांनी तिच्यात सोडला आणि नक्कल करताना चुका होऊ दिल्या. त्या चुकांतून ४५ सूचनांचे परजीवी निपजले. ते स्वतःची नक्कल करण्यासाठी शेजाऱ्याचा कोड वापरत. हे कुणी लिहिलं नव्हतं. ते आपोआप उपजलं होतं. पुढे रे क्योटो परिसरातल्या एटीआर संशोधनसंस्थेत आले आणि डिजिटल जीवांसाठी इंटरनेटवर अभयारण्य राखण्याची कल्पना मांडू लागले. जंगल पाहिलेल्या माणसालाच असं सुचावं.

टिएरामध्ये जागा भरत आली की जुन्या आणि चुका करणाऱ्या जीवांना काढून टाकणारी एक यंत्रणा होती. तिचं नाव ‘रीपर’. त्याआधी १९७१ च्या सुमारास आर्पानेटवर एका संगणकातून दुसऱ्यात सरकणारा ‘क्रीपर’ फिरत होता. त्याला पुसायला लिहिलेल्या प्रोग्रॅमचं नावही रीपरच. टेमर्समधलं अंतिम संकट ‘डी-रीपर’ नावाचं आहे. मर्यादेबाहेर वाढलेले प्रोग्रॅम पुसणं एवढंच त्याचं साधं काम. त्याच्यात दुष्टपणा नाही. तेही विसरलं गेलं, तेही वाढत राहिलं, आणि शेवटी लाल फेसाळ पूर होऊन शिंजुकू गिळायला निघालं. माणूस म्हणजे काय, हे ते जुरी नावाच्या मुलीच्या दुःखातून शिकतं. लहान मुलांच्या मालिकेत इतका निर्दय प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही.

चमू पांगल्यावरही शिबुमी थांबला नाही. त्याचं शरीर रुग्णालयात बेशुद्ध पडून आहे आणि मन डिजिटल जगात फिरतं आहे. तिथं तो डिजिमोन सोबत घेऊन आलेल्या मुलांना भेटतो, अर्धवट झोपेत असल्यासारखं बोलतो. मुलांच्या हाती आलेल्या निळ्या पत्त्याचा कोड तपासताना जानयूला जुन्या मित्राचा हात ओळखू येतो. अक्षरावरून पत्र कुणाचं हे कळावं, तसा.

कोनाकांनी असा प्रोग्रॅमर याआधीही एकदा लिहिला होता. १९९८ च्या ‘सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन’मधला मासामी एइरी नव्या प्रोटोकॉलमध्ये चोरून स्वतःचा कोड घालतो, देह टाकतो आणि ‘वायर्ड’ नावाच्या जाळ्यात देव होऊन बसतो. शिबुमीही देह मागे ठेवून पलीकडे गेला आहे. वाट तीच, पण एइरीला भक्त हवे होते. शिबुमीला तिथं कुणीही देव मानत नाही आणि त्याला त्याची गरजही वाटत नाही. आपण पेरलेलं कसं वाढलं, हे पाहायला तो बांधावर येऊन बसला आहे. मालिकेत उत्क्रांतीच्या शक्तीला ‘एंटेलेखिया’ हे ॲरिस्टॉटलचं नाव दिलं आहे. बीजात जे दडलेलं असतं ते पूर्णपणे प्रकट होणं, असा त्याचा अर्थ. ती शक्ती कुरुमोन या इवल्याशा, खेळकर जीवात वसते.

शिबुमी शुद्धीवर येतो आणि जुन्या मित्रांबरोबर पुन्हा कामाला बसतो. डी-रीपरला त्याच्या आदिम रूपात परत ढकलायचं, अशी योजना ठरते. पण त्या ओढीत डिजिमोनही सापडणार आणि त्यांनाही परत जावं लागणार. योजनेसाठी लागणारा प्रोग्रॅम जानयूनं टेरियरमोनच्या आत ठेवला होता, मुलाला न सांगता. लढाई जिंकल्यावर तो जेनर्याची माफी मागतो. मुलांच्या डोळ्यांदेखत त्यांचे सोबती लहान होत होत दूर जातात. नंतर ताकातो बागेतल्या त्या जुन्या खोपटात जातो, जिथं त्याचा डिजिमोन गिलमोन राहायचा. आतल्या खड्ड्यात त्याला प्रकाश दिसतो.