218 आणि 217: सिद्धार्थ देसाईच्या आकड्यांतून चढाईपटू कसा ओळखायचा?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा एसटीत रेंज गेली, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलल्यासारखंच ठेवलंय.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून सुचला. देवगाव फाट्याचा एक मुलगा, बारावी झालेला. म्हणतो, "दादा, आमच्या भागातल्या स्पर्धांत मी मॅचला दहा-बारा पॉइंट काढतो. कॉलेज सोडून फुल टाइम कबड्डी करू का?"

थेट हो किंवा नाही म्हणणं सोपं आहे. पण त्याआधी एक प्रश्न येतो. दहा-बारा पॉइंट म्हणजे नक्की किती?

आधी जरा अमेरिकेत जाऊन येऊ

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे वेडच. त्यात वाइड रिसीव्हर नावाचा खेळाडू असतो. काम काय? धावत पुढं जायचं, बचाववाल्यांना चकवायचं आणि लांबून आलेला बॉल झेलायचा. 2020 च्या सीझनमध्ये अलाबामा विद्यापीठाच्या डेव्होंटा स्मिथनं 117 झेल, 1,856 यार्ड आणि 23 टचडाउन केले आणि हाइसमन ट्रॉफी जिंकली. हा तिथल्या कॉलेज खेळाडूचा सगळ्यात मोठा मान.

गंमत अशी, की तिकडं नुसते झेल मोजून कुणी थांबत नाही. बॉल किती वेळा त्याच्याकडं फेकला, त्यातले किती हातात आले, झेलल्यावर तो किती पळाला, हे सगळं लिहिलं जातं. आपला चढाईपटू थोडाफार तसाच. एकटा समोरच्या सात जणांत जातो आणि 30 सेकंदांत काहीतरी घेऊन परत येतो. मग त्याचा हिशोब एकाच आकड्यात कसा संपेल?

हुंदळेवाडीचा बाहुबली

आता आपल्या माणसाकडं येऊ. सिद्धार्थ देसाई. गाव हुंदळेवाडी, तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर. भाऊ सूरज, तोही कबड्डीपटू. 2018 मध्ये प्रो कबड्डीच्या सहाव्या सीझनसाठी यू मुम्बानं सिद्धार्थला 36.4 लाखांना घेतलं. पुणेरी पलटणविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्यानं सुपर टेन केला, म्हणजे एका मॅचमध्ये चढाईचे दहा किंवा जास्त गुण. सीझन संपला तेव्हा 21 सामन्यांत 218 चढाई गुण होते. लोक त्याला 'बाहुबली' म्हणायला लागले.

पुढच्या वर्षी लिलावात तेलुगू टायटन्सनं बोली लावली 1 कोटी 45 लाख. किंमत जवळपास चौपट! आणि त्या सीझनमध्ये 22 सामन्यांत चढाई गुण किती? 217.

म्हणजे फक्त एका गुणाचा फरक. पण 2018 ला यू मुम्बा प्लेऑफमध्ये गेली होती. 2019 ला टायटन्स बारा संघांत अकराव्या नंबरवर राहिले. माणूस तोच, आकडा जवळपास तोच, निकाल मात्र उलटा. चढाईपटूचे गुण म्हणजे संघाचा विजय नव्हे. समोरच्याला धरणारे तगडे नसतील, तर तुम्ही आणलेले दहा गुण मागच्या दारानं निघून जातात.

एकूण सोडा, सरासरी बघा

218 भागिले 21 म्हणजे मॅचला साधारण 10.4. 217 भागिले 22 म्हणजे 9.9. आता तुलना करू. 2017 च्या पाचव्या सीझनमध्ये परदीप नरवालनं 26 सामन्यांत 369 चढाई गुण घेतले. सरासरी 14.2. सिद्धार्थ कमी पडला असा याचा अर्थ नाही. सीझनभर मॅचला दहा गुण ही लीगमधल्या वरच्या फळीची पातळी आहे, आणि चौदा म्हणजे वेगळंच प्रकरण.

आता सरासरीच्याही आत जाऊ. समजा दोन पोरं आहेत. पहिल्यानं 20 चढाया केल्या, 10 गुण आणले आणि 3 वेळा पकडला गेला. दुसऱ्यानं 12 चढायांत 8 गुण आणले, पण 5 वेळा सापडला. दर चढाईला गुण बघितले तर दुसरा भारी वाटतो. पण प्रत्येक पकडीचा एक गुण समोरच्याला जातो. बचावात तीन किंवा कमी जण असताना सापडलात तर अव्वल पकड, मग दोन गुण. म्हणजे पहिल्याची निव्वळ कमाई 7 आणि दुसऱ्याची फार तर 3. शिवाय बाद झालं की बाहेर बसायचं. तेवढा वेळ संघाचा मुख्य चढाईपटू मैदानातच नाही.

बोनसचा मोह

बोनस गुण फक्त समोर सहा किंवा सात जण असताना मिळतो. गुण स्पर्शाइतकाच, एक. पण स्पर्श केला की समोरचा एक बाहेर जातो आणि आपला एक आत येतो. बोनसनं यातलं काहीच होत नाही. त्यामुळं 10 स्पर्श आणि 10 बोनस कागदावर सारखे दिसले, तरी लोण चढवायला स्पर्शच लागतात.

तिसरी गोष्ट 'करो या मरो'. संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाहीतर बाद. इथं सुटून येणारा पोरगा पाच गुणांनी मागं असला तरी कोच आधी त्यालाच विचारतो.

जो आकडा कुणी बघत नाही

आठव्या सीझनसाठी टायटन्सनं सिद्धार्थला 1 कोटी 30 लाखांना पुन्हा घेतलं. तो तीन सामने खेळला आणि दुखापतीनं बाहेर गेला. टायटन्सनं 22 पैकी एकच सामना जिंकला आणि तळाला राहिले.

पुढं तो परत आला. दहाव्या सीझनमध्ये हरियाणा स्टीलर्सकडून थेट फायनलला होता. 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये पुणेरी पलटणनं ती फायनल 28-25 नं जिंकली. पलटणचा कॅप्टन होता आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार.

तर हा चौथा आकडा: किती सामने अंगानं साथ दिली? चढाईपटूला दर मॅचला चार-चार जण मिळून खाली पाडतात. गुडघा, खांदा, घोटा, यांवरच सगळं करिअर उभं असतं. एक चुकीची पडझड झाली की सीझन गेला.

तर भावा, तुझं उत्तर

दहा-बारा पॉइंट छानच. पण कुणाविरुद्ध? मातीवर की मॅटवर? त्यात बोनस किती? पकडला किती वेळा गेलास? आजपासून एक वही कर. दर मॅचला पाच रकाने: चढाया, स्पर्श, बोनस, पकडलो, करो या मरो. मित्राला बाउंड्रीवर बसवून लिहायला लाव. वीस मॅच झाल्या की तुला कुणाचं मत विचारावं लागणार नाही.

आणि कॉलेज सोडू नकोस. हा नुसता मोठ्यांचा उपदेश समजू नकोस, यात हिशोब आहे. कॉलेजमधून विद्यापीठाच्या संघाची वाट उघडते. परभणी जिल्ह्यातल्या कॉलेजांसाठी ते नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी लागते. जत्रेतल्या स्पर्धेची ढाल तिथं चालत नाही. तू मैदानात उतरशील तेव्हा हे सगळं मागं उभं असलं, तर एका दुखापतीनं आयुष्य थांबणार नाही.

आणखी एक. सिद्धार्थ प्रो कबड्डीत पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याचं वय 26 होतं. तू अठराचा. घाई कसली?

वहीचा पहिला फोटो आम्हाला नक्की पाठव. बाकीच्यांनीही पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर खेळत राहा आणि लिहीत राहा!