आईची जमीन आणि सूरा निसाची वाटणी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मक्केच्या मुख्य मशिदीत चार पंथांचे चार इमाम असत. त्यातल्या शाफई इमामांमध्ये एक सुमात्री गृहस्थ होते, शेख अहमद खतीब (1860-1916). जन्म पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकबाउ मुलखातला. पोरवयात हजला गेले आणि पुढे तिथलेच होऊन राहिले. इतक्या मानाच्या जागेवरून त्यांनी आपल्याच गणगोताविरुद्ध पुस्तकं लिहिली, आणि ती सौम्य नव्हती. कुराणाच्या चौथ्या सूरेत, म्हणजे सूरा निसात, वारसांचे हिस्से आकड्यांनिशी दिले आहेत. माझ्या गावात मात्र माणूस मेला की त्याची मालमत्ता पोटच्या पोरांऐवजी बहिणीच्या पोरांकडे जाते. ही मालमत्ता हडपलेली आहे आणि तिच्यावर जगणारा पापाचं खातो, असं खतीब म्हणत.

ज्या रिवाजावर ते तुटून पडले होते तो समजल्याशिवाय पुढच्या शंभर वर्षांचा वाद कळायचा नाही. मिनांगकबाउ हा जगातला सर्वांत मोठा मातृवंशीय समाज, आणि तो श्रद्धेने मुसलमान आहे. कुळ आईकडून चालतं. म्हशीच्या शिंगांसारखी टोकं वर उचललेल्या छपरांचं मोठं घर बायकांचं असतं, भातखाचरंही त्यांच्याच ओळीत उतरतात. जुन्या रीतीत नवरा बायकोच्या घरी रात्री पाहुण्यासारखा येई, घरात शब्द चाले तो मामाचा. मुलगा जरा मोठा झाला की झोपायला गावच्या प्रार्थनाघरात जायचा आणि तरुण झाला की नशीब काढायला परमुलखात. पुरुष असा बाहेर असताना जमीन बायकांच्या हाती राहणं व्यवहाराचं होतं. ही जमीन विकायची नाही. गहाण टाकायचीच वेळ आली तर परंपरेने चारच कारणं मानलेली: घरात प्रेत पडलंय आणि पुरायला पैसा नाही, लग्नाची मुलगी घरात आहे, मोठं घर गळतंय, किंवा कुळाच्या प्रमुखाचं रिकामं पद पुन्हा उभं करायचंय.

खतीब यांच्या आधीही हा प्रश्न निघाला होता आणि तेव्हा तो तलवारीने सोडवायचा प्रयत्न झाला. 1803 मध्ये मक्केहून परतलेल्या तीन हाजींनी सुधारणेचा जो झेंडा उभारला त्यातून पाद्री युद्ध पेटलं. रिवाजवाल्यांनी डचांना बोलावलं, आणि 1838 पर्यंत मुलूख डचांच्या घशात गेला. रिवाजाचा आधार शरियत आणि शरियतेचा आधार कुराण, हे सूत्र मिनांगकबाउ लोक आजही अभिमानाने सांगतात. ते या रक्तपातानंतर रुजलं असं मानलं जातं. सूत्र ऐकायला सुरेख आहे, पण जमिनीचं काय करायचं हे त्यात कुठेच नाही. म्हणून तर अर्धशतकानंतर खतीबांना पुन्हा लेखणी उचलावी लागली.

दरम्यान कैरोत भाष्याची एक नवी रीत आकार घेत होती. मुहम्मद अब्दुह (1849-1905) तिथल्या अल-अझहर विद्यापीठात कुराणावर व्याख्यानं देत. व्याकरणाच्या कसरतींपेक्षा आजच्या समाजाला या ग्रंथातून काय वळण मिळतं, यावर त्यांचा भर असे. त्यांचे शिष्य रशीद रिदा 1898 पासून ‘अल-मनार’ हे मासिक चालवत होते, त्यात ही व्याख्यानं भाष्यरूपाने येऊ लागली. जहाजांनी हे अंक सुमात्रा-जावापर्यंत पोहोचत. अरबीत या वळणाच्या भाष्याला सामाजिक भाष्य म्हणतात. बहुपत्नीत्वाच्या आयतीकडे, म्हणजे कुराणातल्या वचनाकडे, अब्दुह ज्या नजरेने पाहत ती या रीतीचा नमुना आहे. न्यायाची अट पाळणं माणसाला जमत नाही असं त्याच सूरेत पुढे सांगितलं असेल, तर परवानगी उरते तरी किती, असा त्यांचा रोख होता.

खतीबांच्या शिष्यांत हाजी अब्दुल करीम अमरुल्लाह (1879-1945) हेही होते. लोक त्यांना हाजी रसूल म्हणत. माणूस कडक. मिनांगकबाउत फिरून अंधश्रद्धांवर कोरडे ओढायचे, डचांशीही पंगा घ्यायचे. गुरूसारखेच तेही जमिनीवर तुटून पडतील अशी अपेक्षा असणार. त्यांनी मात्र दुसरीकडूनच हात घातला. सूरा निसाचे हिस्से लागू होतात ते मेलेल्या माणसाच्या मालकीच्या मालमत्तेला. मोठ्या घराची खाचरं कोणा एकाच्या मालकीची कधी होती? खैबरची जमीन मिळाल्यावर पैगंबरांचे सोबती उमर त्यांच्याकडे सल्ला मागायला गेले, तेव्हा मूळ जमीन राखून उत्पन्न दानात द्यावं असं त्यांना सांगण्यात आलं. ही खाचरंही तशीच, वक्फसारखी, असं हाजी रसूल यांनी ठरवलं. आयतीच्या अर्थाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. आयत ज्या वस्तूबद्दल बोलते ती वस्तू ही नव्हेच, एवढंच ते म्हणाले. माझ्या मते या सगळ्या कथेतली सर्वांत चलाख चाल हीच. गुरू मक्केत बसून लिहीत होता, शिष्याला गावात राहायचं होतं, हा फरकही त्यात आहेच.

याच प्रश्नावर 1952 मध्ये बुकित्तिंगीत उलेमा, कुळप्रमुख आणि शिकलेली मंडळी एकत्र बसली, 1968 मध्ये पादांगमध्ये वारसाहक्कावर पुन्हा परिषद झाली. तोडगा तोच पक्का झाला: पिढीजात जमीन रिवाजाने आईच्या ओळीत, माणसाने स्वतः कमावलेलं ते कुराणातल्या हिश्शांप्रमाणे मुलाबाळांत.

हाजी रसूल यांचा मुलगा म्हणजे हामका (1908-1981). इंडोनेशियात धर्म, साहित्य आणि राजकारण या तिन्हींत एवढा वावरलेला माणूस क्वचितच सापडेल. रिवाजावरचा त्यांचा राग घरातूनच आला होता. वडिलांनी अनेक लग्नं केली आणि हामका लहान असतानाच त्यांच्या आईला तलाक दिला. 1938 मध्ये मेदानच्या आपल्या साप्ताहिकातून त्यांनी ‘फान देर वाइक जहाज बुडतं तेव्हा’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी चालवली. बाप मिनांगकबाउ पण आई बुगिस, म्हणून ज्याला कुळच नाही, अशा तरुणाची ती गोष्ट. रिवाज त्याला ‘आपला’ मानत नाही आणि प्रेमही मिळू देत नाही. मौलवीने प्रेमकथा लिहावी का, यावरून तेव्हा पुष्कळ ओरड झाली.

याच माणसाने पुढे तीस भागांचं ‘तफसीर अल-अझहर’ लिहिलं. जकार्तातल्या केबायोरान बारूच्या मशिदीत पहाटेच्या नमाजनंतर ते कुराण समजावून सांगत, त्या प्रवचनांतून हे भाष्य वाढलं. 1960 च्या डिसेंबरात कैरोचे शेख महमूद शल्तूत यांनी मशिदीला अल-अझहर हे नाव दिलं, तेच ग्रंथालाही मिळालं. 27 जानेवारी 1964 रोजी, रमजानात, बायकांच्या एका वर्गाला शिकवून घरी आलेल्या हामकांना राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंच्या पोलिसांनी उचललं. मलेशियाच्या मदतीने कट रचल्याचा आरोप होता, खटला मात्र कधी चालला नाही. दोन वर्षांहून जास्त काळ ते अटकेत राहिले आणि तिथेच, काही काळ इस्पितळाच्या खाटेवर, भाष्य पुरं झालं. त्यात कादंबरीकार लपत नाही. आयत चालू असते आणि मध्येच मनिंजाउ सरोवराकाठचा एखादा किस्सा, प्रवासातली एखादी गोष्ट, सत्तेपुढे वाकणाऱ्या मौलवींना टोला. आईच्या जमिनीबाबत मात्र तरुणपणचा राग बाजूला ठेवून ते बापाच्याच बाजूला उभे राहिले. 1970 मध्ये सुकार्नो वारले तेव्हा जनाज्याची नमाज पढवली ती याच हामकांनी.

जावाकडे पाहिलं तर प्रश्नच वेगळे दिसतात. तिथे आईच्या कुळाची जमीन नव्हती, अडचण भाषेची आणि मानपानाची होती. जेपाराची कार्तिनी ही तरुणी 1899 मधल्या एका पत्रात तक्रार करते की आम्हाला कुराण पाठ करायला शिकवतात, पण अर्थ कोणी सांगत नाही. असा अर्थ सांगणारं रेम्बांगचे बिस्री मुस्तफा यांचं जावानी भाष्य ‘अल-इब्रीज’ 1960 मध्ये पुरं झालं. पानाच्या मध्ये कुराण, प्रत्येक शब्दाखाली तिरप्या ओळीत जावानी अर्थ लटकवलेला, आणि कडेला सोप्या भाषेत खुलासा. लिपी अरबी वळणाची. जावानीत कोणाशी बोलताय त्यावर शब्दच बदलतात. आपल्या अरे-तुरे आणि अहो-जाहोपेक्षा ही उतरंड कितीतरी उभी. त्यामुळे भाष्यकाराला ठरवावं लागतं की कथेतला कोण कोणाशी कोणत्या पायरीवरून बोलेल. अरबीत जे सपाट आहे त्याला जावात चढ-उतार येतात आणि ऐकणाऱ्या शेतकऱ्याला ती माणसं ओळखीची वाटतात. समाजाचा विचार न करता केलेलं भाष्य, असं काही जावात शक्यच नव्हतं, असं मला वाटतं.

आता हझैरीन (1906-1975). बुकित्तिंगीत जन्मलेले, डच अमदानीत रिवाजी कायद्याचे डॉक्टर झालेले, स्वातंत्र्यानंतर काही काळ गृहमंत्री. 1950 च्या दशकाअखेरीस त्यांनी जो सिद्धांत मांडला त्याने उलेमांची झोप उडवली. फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रीय कायद्याच्या, पंडितांनी वारसाच्या आयती वाचल्या त्या अरबांच्या पितृवंशीय डोळ्यांनी, असं त्यांचं म्हणणं. कुराण स्वतः आईकडचे आणि बापाकडचे दोन्ही नातेवाईक धरतं, म्हणजे ते ना खतीबांच्या मक्केचं ना मिनांगकबाउच्या मोठ्या घराचं. हाजी रसूल यांनी जमीन आयतीबाहेर काढली होती, हझैरीन यांनी आयतच चौदाशे वर्षांच्या वाचनातून बाहेर काढायची ठरवली. उलेमांनी अर्थातच झटकून टाकलं: हे अरबीचे पंडित नाहीत, वकील आहेत.

सिद्धांत पडला तरी त्याचा एक तुकडा टिकला. आजोबा जिवंत असताना बाप वारला, तर आजोबांच्या मालमत्तेत त्या पोरक्या नातवंडांना काय मिळतं? काका हयात असेल तर पारंपरिक फिकहप्रमाणे काही नाही. कोकणातले मुसलमानही शाफई, आणि भारतातल्या मुस्लिम वैयक्तिक कायद्यात हीच स्थिती आजही आहे. इजिप्तने 1946 मध्ये यावर सक्तीच्या मृत्युपत्राची वाट काढली, पाकिस्तानने 1961 मध्ये नातवंडांना थेट हिस्सा दिला. इंडोनेशियात 1991 साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने धर्मन्यायालयांसाठी इस्लामी कायद्याची संहिता आली. तिच्या 185 व्या कलमात मेलेल्या बापाच्या जागी मुलं वारस होऊ शकतात असं आहे, आणि हे हझैरीन यांचंच देणं.

त्या संहितेत जावाचा रिवाजही शिरला आहे. संसारात दोघांनी मिळून कमावलेली मालमत्ता काडीमोडीनंतर निम्मी-निम्मी, हे 97 वं कलम. जुन्या फिकहच्या ग्रंथांत असा भागीदारीचा संसार शोधून सापडत नाही. जावानी बाई नवऱ्याबरोबर शेतात राबते आणि बाजारात विकायला बसते, तिथे मात्र तो पूर्वापार होता.

मुलाला दोन, मुलीला एक, या प्रमाणाला संहितेने हात लावला नाही. ते काम 1980 च्या दशकात खुद्द धर्ममंत्री मुनावीर शाद्झाली यांनी करून पाहिलं होतं. जावातल्या सोलोकडची माणसं धर्मन्यायालयाचा निकाल बाजूला ठेवून दिवाणी कोर्टात जातात, आणि खुद्द उलेमाही जिवंतपणीच हिबा, म्हणजे बक्षीस, करून मुलगा-मुलीत सारखं वाटून टाकतात, हे त्यांनी उघड सांगितलं. मग पळवाटेने जे करता ते तत्त्व म्हणून का मानत नाही? प्रश्न बिनतोड होता, म्हणूनच गदारोळ झाला. समाजाला पळवाट चालते, कबुली चालत नाही. न्यायालयं मात्र आपल्या वाटेने जात राहिली. लोम्बोक बेटावरून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या दशकात ठरवलं की मयताला मुलगी असेल तर तिच्या काकाला काही मिळणार नाही. आयतीतल्या ‘संतान’मध्ये मुलगीही येते. शाफई पोथ्यांप्रमाणे उरलेला निम्मा हिस्सा काकाचा असतो.

कुरैश शिहाब यांचं पंधरा खंडी भाष्य ‘अल-मिस्बाह’ (1999 ते 2003) आज घरोघरी दिसतं. विद्वत्ता मोठी आणि तोल सांभाळणारी. एका आयतीवर चार मतं मांडतात आणि निवड बहुधा वाचकावर सोपवतात. हामकांचा ताव मला त्यात सापडत नाही. त्या तोलाचाही उपयोग असतो हे 2016 मध्ये कळलं, एकच अर्थ धरून बसलं की काय होतं ते दिसलं तेव्हा. एका आयतीच्या वापरावर शेरा मारला म्हणून जकार्ताच्या ख्रिस्ती गव्हर्नरांविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर आले आणि पुढच्या मे महिन्यात त्यांना दोन वर्षांची कैद झाली.

त्याच 2017 च्या एप्रिलमध्ये जावातल्या चिरेबोनजवळच्या एका मदरशात स्त्री-उलेमांची पहिली परिषद भरली. बालविवाह, लैंगिक हिंसा आणि निसर्गाची नासाडी यांवर त्यांनी फतवे काढले. त्यांची रीत नवी होती: आयती आणि हदीस यांच्याबरोबर बाईच्या अंगावर काय बेतलं हेही पुरावा म्हणून मांडायचं. दुसरी परिषद 2022 मध्ये झाली ती कार्तिनीच्या जेपारात. मधल्या काळात, 2019 मध्ये, मुलीच्या लग्नाचं किमान वय 16 वरून 19 झालं. त्यानंतर धर्मन्यायालयांत सवलतीचे अर्ज भराभर वाढले, कारण कायद्यात न्यायाधीशाच्या परवानगीची फट ठेवलेली आहे. हानी टाळणं हे लाभ मिळवण्याच्या आधी, हे फिकहचं जुनं तत्त्व. बालविवाहाला विरोध करणारे ते पुढे करतात. मुलगी गरोदर आहे, गावात बोभाटा होईल, असं म्हणत लग्नाला परवानगी देणारे न्यायाधीशही आपल्या निकालात तेच लिहितात.