रायफलीच्या नळीचे पुनर्कक्षण
रायफलीच्या झिजलेल्या नळीचा मागील खराब भाग कापून किंवा मोठ्या मापाने कोरून तिच्यात काडतुसासाठी नवा कक्ष तयार करण्याची क्रिया. नळीच्या मागील टोकाशी काडतूस ज्या पोकळीत बसते, तिला कक्ष म्हणतात. नळीची झीज सर्वत्र सारखी होत नाही. ती मुख्यतः कक्षालगतच्या काही सेंमी. भागात होते. या वस्तुस्थितीवर ही क्रिया आधारलेली आहे.

झिजेची कारणे : धूरहीन दारूच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या वायूंचे तापमान सुमारे २,५००° से. किंवा त्याहूनही अधिक असते. पोलाद त्याहून पुष्कळ कमी तापमानास वितळते. परंतु वायूंचा स्पर्श क्षणमात्र असल्याने नळी टिकून राहते. मात्र कक्षापुढील भाग, म्हणजे कंठ, प्रत्येक बाराला एकदम तापतो व निवतो. त्याचा पृष्ठभाग ठिसूळ होऊन त्यावर बारीक भेगांचे जाळे पडते आणि धातूचे कण झोताबरोबर निघून जातात. कंठ रुंदावला की गोळी सर्पिल खाचांत सरळ शिरत नाही व नेम बिघडतो. पुढील खाचा मात्र बहुधा सुस्थितीत असतात.

दारूतील नायट्रोग्लिसरिनाचे प्रमाण वाढल्यास झीज वाढते. ब्रिटिश सैन्याच्या मूळ कॉर्डाइटमध्ये ते ५८% होते. त्यापुढे ली-मेटफर्ड रायफलीच्या उथळ, गोलसर खाचा टिकेनात. म्हणून १८९५ मध्ये पाच चौकोनी खाचांची ली-एनफील्ड रायफल स्वीकारण्यात आली. पुढे सुधारित कॉर्डाइटमध्ये हे प्रमाण ३०% करण्यात आले.

पद्धती : सर्वसाधारण पद्धतीत नळी रायफलीपासून सोडवून लेथवर चढवितात, मागील टोकाकडून दोन-तीन सेंमी. भाग कापतात, जोडाचे आटे पुन्हा पाडतात व रीमरने नवा कक्ष कोरतात. नळी आखूड झाल्याने गोळीचा वेग किंचित घटतो. दुसऱ्या पद्धतीत नळी न कापता त्याच व्यासाच्या गोळीच्या, पण अधिक लांब काडतुसासाठी कक्ष वाढवितात. झिजलेला कंठ नव्या कक्षात सामावला, तरच याचा उपयोग होतो. कक्ष असा वाढविण्यामागे दरवेळी झीजच असते असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणल्या गेलेल्या ७.९२ मिमी. माउझर रायफलींचे कक्ष मूळ काडतुसे दुर्मिळ असल्याने तेथील ०.३०–०६ पुंगळीवर आधारित काडतुसासाठी वाढविण्यात आले. पुढील खाचाही निकामी झाल्यास नळी मोठ्या व्यासाची कोरणे किंवा तिच्यात नवी आतली नळी बसविणे हे मार्ग उरतात. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथे ०.३०३ ली-एनफील्ड रायफलींपासून ०.४१० इंच व्यासाच्या, गुळगुळीत नळीच्या एकबारी मस्केटी पोलिसांसाठी बनविल्या गेल्या.

अचूकता व मर्यादा : या कामात सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे बोल्टचा पुढील पृष्ठभाग व काडतुसास कक्षात जेथे आधार मिळतो ते स्थान यांतील अंतर होय. यास हेडस्पेस म्हणतात. ०.३०८ विंचेस्टर काडतुसासाठी स्वीकारार्ह व अस्वीकारार्ह मापकांच्या लांबीत केवळ सु. ०.१ मिमी. फरक असतो. हे अंतर प्रमाणाबाहेर वाढल्यास पितळी पुंगळी बाराच्या वेळी मागे ताणली जाऊन फाटते आणि दर चौ. सेंमी.ला सुमारे ४,००० किग्रॅ. दाबाचे वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळतात. त्यामुळे मापकांनी तपासणी झाल्याखेरीज अशी रायफल वापरणे धोक्याचे असते. आतून क्रोमियमाचा मुलामा दिलेल्या नळीत नवा कक्ष कोरल्यास तेवढ्या भागावरील मुलामा नष्ट होतो. फुगलेली, तडा गेलेली वा मुखाशी झिजलेली नळी या क्रियेने सुधारत नाही. एकाच नळीवर ही क्रिया फार वेळा करता येत नाही. कारण दरवेळी तिची लांबी घटते आणि झीजही पुढे सरकलेली असते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये अग्निशस्त्राची दुरुस्ती वा रूपांतर करण्याचा व्यवसाय, तसेच नळी आखूड करणे, यांसाठी परवाना आवश्यक आहे. नळी वाचविल्याने खर्चात बचत होते. परंतु ती बचत स्वीकारावी की नाही, याचा निर्णय अखेर मापकावर सोपवावा लागतो.