काळी पावशी, चकचकीत सुरी

बल्लारपूरच्या आठवडी बाजारात खात्यापुढे गिऱ्हाईक उकिडवं बसतं, पावशी उचलतं, उलटसुलट करतं आणि परत ठेवून देतं. (खाती म्हणजे लोहार आणि पावशी म्हणजे विळी, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी.) पातं काळं, अंगावर हातोड्याचे खळगे, पाठ इथे जाड तर तिथे पातळ. ‘कच्चं काम दिसते,’ असं म्हणत तेच गिऱ्हाईक शेजारच्या भांड्यांच्या दुकानातली चकचकीत सुरी पिशवीत टाकतं. असंच एकदा मी काळेपणावर बोट ठेवलं, तेव्हा खाती म्हणाला, “काळी आहे म्हणून नको म्हणता का जी? तव्याला कोणी पॉलिश मारते का?”

त्याचं बरोबर होतं. हा काळेपणा मळ नव्हे. भट्टीत लाल झालेल्या लोखंडाला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. धारेकडची पट्टी कानशीनं उजळ करायची आणि बाकीचं पातं तसंच सोडायचं, ही जुनी रीत आहे. त्या थरामुळे गंजही थोडा उशिरा धरतो. जपानमध्ये अशाच पात्याला ‘कुरोउची’ म्हणतात आणि लोक ते हौसेनं, चांगले पैसे मोजून घेतात. तिथल्या एचिझेनच्या घडीव पात्यांना 1979 साली सरकारनं पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. त्या गावाचं नाव झालं ते मुळात शेतकऱ्यांच्या विळ्यांवर. हातोड्याच्या खळग्यांमुळे भाजी पात्याला चिकटत नाही, हा तिकडचा दावा मात्र मला पटलेला नाही. बटाटा चिकटतोच.

चकाकी पाहून पात्याचा पक्केपणा ठरवणं तर फारच धोक्याचं. पोलाद लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं तडकूही शकतं. म्हणून पुन्हा हलकं तापवून त्याचा ताठा उतरवतात. तेव्हा घासून उजळ केलेल्या जागेवर रंग चढत जातात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. हा सगळा खेळ साधारण 200 ते 300 अंश सेल्सिअसच्या मधला. पाठीकडे निळा आला तर बिघडत नाही. धारेवर पिवळा असतानाच खाती थांबतो. विजेच्या चाकावर कोरडं घासताना धार तापून निळी पडली, तर तिथला कडकपणा गेला. पॉलिशनं तो निळा डाग पुसला जातो, धारेचा मऊपणा तसाच राहतो.

दोन्ही बाजू सारख्या घासलेल्या नाहीत म्हणून पातं परत करणारेही पाहिलेत. दातेरी विळ्याचे दाते एकाच अंगाला कोरलेले असतात, त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. जपानी ‘उसुबा’ आणि ‘यानागिबा’ या सुऱ्या मुद्दाम एकाच बाजूनं उतरत्या घासतात. मागची बाजू किंचित खोलगट असते, चुकून नव्हे.

मग वाईट पातं कोणतं? हे मी पैसे देऊन शिकलो. कोळशाच्या ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटलेल्या पाट्याची एक सुरी मी हौसेनं घडवून घेतली. दिसायला झकास. घरी वहिनीनं सांभार (म्हणजे कोथिंबीर) चिरायला घेतला, तर काड्या कापल्या जाऊनही एकमेकींना धरून राहिल्या, गजऱ्यासारख्या. पुन्हा दगडावर घासली, तरी तेच. शेवटी सुरी पाटावर उभी धरून मागे बॅटरी लावली. मधोमध, दीड-दोन इंचांच्या पट्ट्यात धारेखालून उजेड येत होता. चाकावर तेवढी जागा जास्त घासली गेली होती, म्हणून तिथे धार पाटाला टेकतच नव्हती. गंमत म्हणजे हाच खळगा पावशीला असता तर कोणाला कळलाही नसता. पावशीची धार कुठे टेकत नाही, भाजीच तिच्यावरून सरकते. तेव्हा पातं कशासाठी घेतोय, हे आधी ठरवावं.

दुसरी परीक्षा मार्करची. धारेलगतच्या उताराला काळी शाई फासायची आणि सपाट दगडावर चार हात फिरवायचे. शाई जिथे उरते तिथे खोलगट, जिथे लगेच जाते तिथे उंचवटा. असे लहान चढउतार हातकामात असणारच, दोन-चार वेळा धार लावताना ते सपाट होतात. पातं बांबू पाहतात तसं डोळ्यासमोर लांबवर धरून पाहावं: पीळ असेल तर लगेच दिसतो. पीळ असला किंवा धारेत केसासारखा तडा दिसला तर मात्र किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नये. काळ्या थराखाली तडा लपू शकतो, म्हणून उजळ पट्टीवर नख फिरवून बघावं.

जपानी पोलादाच्या नावांनीही घोळ होतो. ‘शिरोगामी’ म्हणजे पांढरा कागद, ‘आओगामी’ म्हणजे निळा कागद. पोलाद पांढरं-निळं नसतं. ही नावं त्याला चिकटवलेल्या कागदाच्या रंगावरून पडली. कागद गिरणीच्या आमच्या गावाला हे आवडायला हवं. या जपानी पोलादात कार्बन एक टक्क्याहून जास्त, ट्रकच्या पाट्यात साधारण त्याच्या निम्मा. म्हणून जपानी धार पातळ आणि कडक राहते, पण हाडावर मारली की कपचा उडतो. पाट्याची धार लवकर बोथट होते, तरी मार सोसते.

माझी सुरी खात्याकडे परत नेली. त्यानं उजेडाकडे धरून पाहिलं, काहीच बोलला नाही. मग सपाट दगडावर अख्खी धार खाली उतरवत नेली, तो खळगा मिटेपर्यंत. सुरी दोन सूत अरुंद झाली. अंग अजून काळंच आहे. सांभार आता सुटा पडतो.