कोर्टनी कुपेट्स कार्टर

कोर्टनी कुपेट्स कार्टर (जन्म: २७ जुलै, १९८६) या अमेरिकेच्या निवृत्त जिम्नॅस्ट व प्रशिक्षक आहेत. २००४ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन पदके मिळवली. तथापि त्यांची ओळख मुख्यतः जॉर्जिया विद्यापीठाच्या संघाशी निगडित आहे. या संघाकडून त्या २००६ ते २००९ या काळात खेळल्या आणि पुढे त्याच संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

२००२ मध्ये हंगेरीतील डेब्रेत्सेन येथे त्यांनी अनइव्हन बार (विषम उंचीच्या दांड्या) या प्रकारात जागतिक विजेतेपद पटकावले. पुढील वर्षी अमेरिकेने सांघिक सुवर्णपदक जिंकले, परंतु त्याच स्पर्धेदरम्यान त्यांच्या टाचेमागील अकिलीज स्नायुबंध तुटला. असे असूनही वर्षभराच्या आत त्यांनी कार्ली पॅटरसन यांच्यासह राष्ट्रीय विजेतेपद विभागून मिळवले. ग्रीसमधील अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांना सांघिक रौप्य व अनइव्हन बारमध्ये कांस्यपदक मिळाले. भारतीय वंशाच्या मोहिनी भारद्वाज या संघात त्यांच्या सहकारी होत्या.

महाविद्यालयीन कारकीर्द

आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्सने २००६ मध्ये दहा गुणांची कमाल मर्यादा सोडली. अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धांनी ती कायम ठेवली. तेथे प्रत्येक साधनावर सहा खेळाडू उतरतात व त्यांपैकी सर्वोत्तम पाच गुणसंख्या धरल्या जातात. एकीची चूक त्यामुळे संघ पचवू शकतो, दुसरीची मात्र थेट गुणतक्त्यात उतरते. साहजिकच तेथे धाडसापेक्षा सफाईला व सातत्याला अधिक मोल असते, आणि कुपेट्स यांच्यापाशी हे दोन्ही गुण होते.

२००६, २००७ व २००९ मध्ये त्या सर्वसाधारण (ऑल-अराउंड) राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. व्हॉल्ट, अनइव्हन बार, बॅलन्स बीम व फ्लोअर या चारही साधनांवर त्यांनी विजेतेपदे मिळवली. त्यांची वैयक्तिक विजेतेपदे एकूण ९ आहेत. २००८ मध्ये अकिलीज स्नायुबंध पुन्हा तुटल्याने त्यांना हंगाम अर्धवट सोडावा लागला. त्या वर्षी जॉर्जियाने त्यांच्याविना, विद्यापीठाच्या गावीच सांघिक विजेतेपद राखले. या गावाचे नावही अथेन्सच आहे. दुखापतीनंतरच्या २००९ च्या हंगामाबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन महिला खेळाडूसाठीचा होंडा-ब्रॉडरिक चषक देण्यात आला.

प्रशिक्षक

जॉर्जियाची दहाही राष्ट्रीय विजेतेपदे सुझॅन योकुलन यांच्या मार्गदर्शनाखाली आली होती. त्या २००९ मध्ये निवृत्त झाल्यावर दोन प्रशिक्षक येऊन गेले, पण तो दबदबा परतला नाही. २०१७ मध्ये ही जबाबदारी कुपेट्स कार्टर यांच्याकडे आली, तेव्हा योकुलन स्वयंसेवी साहाय्यक म्हणून त्यांच्यासोबत आल्या. मुख्य प्रशिक्षकपदाचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. शिवाय नव्या संघाची तुलना होणार होती ती त्यांच्याच खेळाडूपणाच्या काळाशी, आणि त्या चार वर्षांत जॉर्जियाने एकही सांघिक विजेतेपद गमावले नव्हते. त्यांच्या सात हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद आले नाही. २०२४ मध्ये विद्यापीठाने त्यांना पदमुक्त करून सिमोन बाइल्स यांच्या प्रशिक्षक सेसिल लांडी व रायन रॉबर्ट्स यांची संयुक्त नियुक्ती केली.