पळसवनाचे छायाचित्र : पहाटेचा अर्धा तास



उसावर फवारणी करणारा ड्रोन आता आपल्याला नवलाचा राहिलेला नाही. तो टाकी घेऊन उडणारा जड गडी. कॅमेऱ्याचा ड्रोन त्याच्यापुढे चिमणीएवढा. पाव किलोपासून किलोभर वजनाचा. लग्नकार्यात तो सर्रास दिसतो, आणि आपल्यापैकी काहींची मुलेही तो चालवतात. फाल्गुनात पळस फुलला की या मुलांचे पाय रानाकडे वळतात. त्यांना उपयोगी पडेल अशी थोडी माहिती येथे देत आहोत.

पळसाला पाने तीनच म्हणतात. ऐन बहरात बहुतेक झाडांवर तीही नसतात. खालून पाहावे तर फुले आभाळाच्या उजेडापुढे काळपट दिसतात. वरून पाहिले की तीच फुले वाळल्या पाचोळ्यावर निखाऱ्यासारखी उठतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या रानात हे रूप फार ठसठशीत दिसते.

आता सूर्योदयच का? उगवतीचा उजेड हवेच्या जाड थरातून तिरपा येतो. निळा रंग वाटेतच विखुरतो, तांबूस-पिवळा तेवढा पोहोचतो, आणि पळसाच्या भगव्याला तो मानवतो. दुसरे कारण सावलीचे. सूर्य ७ अंशांवर असताना २० फुटी झाडाची सावली सुमारे १६० फूट पडते. १४ अंशांवर ती ८० फुटांवर येते. लांब सावलीमुळे झाडाला उठाव येतो. दुपारी वरून काढलेले चित्र गोधडीसारखे सपाट दिसते. मात्र आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, तासाला सुमारे १४ अंश. म्हणजे कामाचा उजेड फार तर अर्धा तास. सकाळी वारा पडलेला असतो, हा आणखी एक फायदा.

एका बॅटरीवर ड्रोन साधारण २० ते ३० मिनिटे उडतो. म्हणून जागा आदल्या दिवशीच पायी फिरून ठरवावी. सूर्य पाठीशी नको, बाजूला घ्यावा. कॅमेरा अगदी खाली न रोखता थोडा तिरका धरला की सावल्या आणि मागची डोंगररांग दोन्ही येतात. रंगाचा तोल यंत्रावर सोडू नये; ते पहाटेची तांबूस छटा दोष समजून पुसून टाकते. तोल दिवसाच्या उजेडावर कायम ठेवावा आणि उजेड किंचित कमी घ्यावा, कारण भगवा रंग लवकर भडकतो आणि पाकळ्यांचा नुसता गोळा होतो.

खरी जोखीम पुढेच आहे. ड्रोनच्या डोळ्यांना पानगळ झालेल्या झाडाची बारीक फांदी दिसेलच असे नाही, अंधुक उजेडात तर नाहीच. परतीची उंची सर्वांत उंच झाडाच्या वर ठेवलेली नसली तर ड्रोन परतताना फांद्यांत घुसतो. त्यातली लिथियमची बॅटरी आपटून फुटली तर पेट घेऊ शकते, आणि पळसाचा हंगाम तोच वणव्याचा हंगाम. उसाचा फड पेटलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना वाळल्या गवताबद्दल आम्ही काय सांगावे! उडवणे-उतरवणे मोकळ्या, गवत नसलेल्या जमिनीवरूनच करावे. बॅटरी तळाला जाईपर्यंत ताणू नये.

त्यातच उंच झाडांवर आग्या मोहोळ असते. ड्रोन जवळ नेला आणि मोहोळ उठले, तर माश्या खाली मोहफुले वेचणाऱ्या माणसांवरही उतरतील. पळसाच्या मधासाठी सकाळी मैना, शिंजीर येतात; तेही उडून जातात. घार तर कधी कधी ड्रोनवरच झडप घालते. सबब फुलांच्या तोंडाशी जाण्याचा मोह नको. उंचावरूनच पट्टा घ्यावा, चित्रही तसेच भारदस्त येते.

परवानगीबाबत समजुतीचा घोटाळा होतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे, तांबडे भाग पाडले. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही. पण ती झाली आकाशाची गोष्ट, जंगलाची नव्हे. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात छायाचित्रणासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो. इतर वनजमिनीवरही वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आधी भेटावे. शेताच्या बांधावर आपलाच पळस असेल, तर तेवढ्यापुरती ही यातायात नाही; भाग हिरवा आहे की नाही, तेवढे मात्र पाहून घ्यावे.